उतारावर गाडी सुटते

१२ मार्च

चि. खिळ्या यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी परवा आली. पैसे बाईसाहेबांचे असले तरी मी तिला तुझीच म्हणते, कारण तिच्या पोटातली दातेरी चाकं तू कागदावर काढलीस हे मी अख्ख्या बंगल्याला सांगून ठेवलं आहे. रंग गडद निळा, आतल्या गाद्या आमच्या अंथरुणापेक्षा मऊ, आणि इंजिन चालू आहे की बंद हे कळायला वर हात ठेवून बघावं लागतं. घोडे गेल्या महिन्यातच विकले. तबेला धुऊनपुसून तिथे गाडी ठेवली आहे आणि आम्ही पूर्वीसारखेच वरच्या दोन खोल्यांत आहोत. खालून खुरांचा आवाज येत नाही म्हणून ह्यांना झोप लागत नाही.

पण खरं सांगू? गाडी निघताना बोकडासारखी उडी मारते. ह्यांनी पेडल कितीही हळू सोडलं तरी ती आधी जागची हलत नाही आणि मग एकदम धाडकन पुढे जाते. पहिल्याच दिवशी बाईसाहेबांचा चष्मा पायाशी आणि त्यांची नात मांडीवरून खाली. कारभारी पायरीवर उभे होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की हयात लगाम ओढण्यात गेली, आता मोटार कशी जमणार. हे काही बोलले नाहीत. लग्न झाल्यापासून ह्यांच्या वाटचं मीच बोलते आहे.

तेव्हा उलट टपाली कळव, दोष गाडीत आहे की ह्यांच्या पायात. पायात असेल तर मला एकटीला कळव. राहत्या खोल्या नोकरीबरोबर आहेत, हे तुला वेगळं सांगायला नको.

जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
अक्का

१७ मार्च

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

बोकड वाचून इतका हसलो की शेजारच्या टेबलावरच्या नकाशेकाराने दौत कलंडवली. भाऊजींच्या पायात काडीचाही दोष नाही, हे पत्र खुशाल कारभाऱ्यांना वाचून दाखव. दोष चामड्यात आहे. क्लच म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन वाट्या समज. बाहेरची इंजिनाबरोबर फिरते, आतलीला चामडं लावलेलं असतं. पेडल सोडलं की आतली वाटी बाहेरच्या वाटीत घट्ट बसते आणि गाडी चालू लागते. चामडं कोरडं पडलं की आधी सरकत राहतं आणि मग एकदम चावतं. त्याला औषध एरंडेल. थट्टा नाही. पेडल दाबून खाली काठी अडकवायची, चामड्याला एरंडेल चोळायचं आणि सकाळपर्यंत मुरू द्यायचं. मला पाजताना तू नाक दाबून धरायचीस, तो भाग इथे नाही. मात्र हात आखडता ठेवायला सांग. जास्त झालं तर क्लच घसरेल.

माझं म्हणशील तर सध्या माझा पाय एका जागी ठरत नाही. ज्यांना आम्ही गाड्या विकतो त्या लोकांना करकर ऐकायची सवय नाही. म्हणून गिअरचा दांडा दोन बोटांनी सरकला पाहिजे असा मालकांनी हट्ट धरला होता. दांड्याला जागेवर धरून ठेवणारी एक खाच असते, ती मी उथळ केली आणि तिच्यावरची स्प्रिंग मऊ घातली. आता दांडा असा सरकतो की मालकांनी करंगळीने सरकवून दाखवला! आमच्या गिअरखात्याचे प्रमुख या उन्हाळ्यात घरी बसणार. त्यांची काचेची खोली कोणाला द्यायची ते पुढच्या महिन्यातल्या मोटारप्रदर्शनानंतर ठरेल. अक्का, मला ती खोली हवी आहे. इतकी हवी आहे की जेवताना घास हातात राहतो आणि खाणावळीतली बाई ताट उचलून नेते.

भाऊजींना नमस्कार. माया पातळ होण्याची भीती तुम्हाला नको, मला आहे. इतक्या लांब राहून ती टिकवायची म्हणजे तुमच्याच भरवशावर.

तुझा
खिळ्या

३ एप्रिल

चि. खिळ्या यास अनेक आशीर्वाद.

तुझं एरंडेल लागू पडलं. पहिल्यांदा ह्यांचा हात सैल सुटला, तर गाडी फाटकापाशी नुसती गुरगुरत उभी. मग जास्तीचं तेल शोषायला वस्त्रगाळ माती भुरभुरली आणि आता ती अशी निघते की पेल्यातलं पाणी हलत नाही. बाईसाहेब खूश आहेत. ह्यांनी आपल्या हाताने कारखान्याला तसं पत्रही टाकलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण ह्यांचं पत्र तीन ओळींच्या वर जायचं नाही एवढं मी पैजेवर सांगते.

आता वाईट बातमी ऐक. ह्यांचं काहीतरी बिनसलं आहे. बंगल्यापासून गावापर्यंतचा रस्ता सगळा उताराचा, तो रोज उतरतात, आणि परत आल्यावर तासभर कोणाशी बोलत नाहीत. कपड्यांना काहीतरी जळल्याचा वास येतो. परवा पाय धुताना पाहिलं, उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू वांग्यासारखी काळीनिळी! विचारलं तर म्हणाले, लागलं. कशाने लागलं तर म्हणाले, लागलं. जेवतानासुद्धा तो गुडघा टेबलाच्या पायाला दाबून बसतात, आणि मी तिकडे बघितलं की पाय आखडून घेतात. लाज सोडून मी तोंडाचा वासही घेतला. तसलं काही नाही. मग काय आहे? मला चैन पडत नाही रे. उभी राहिले तर बसावंसं वाटतं, बसले की खिडकीत जावंसं वाटतं.

या महिन्याच्या २५ तारखेला उजाडताच बाईसाहेब घाटाखाली लेकीकडे जाणार आहेत. नात बरोबर आहे, आणि तिला सांभाळायला मी. एवढा लांबचा प्रवास मी गादीवर बसून पहिल्यांदाच करणार. तुझी काचेची खोली तुला मिळो.

आमची आठवण काढत जा, आणि काढलीस की लगेच लिहीत जा.

तुझी
अक्का

८ एप्रिल

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

आधी भाऊजींचे पाय धर आणि माझ्या वतीने डोकं टेकव! त्यांचं पत्र मालकांनी सगळ्या खात्यांना बोलावून मोठ्याने वाचलं. तू पैज जिंकलीस, तीनच ओळी होत्या. एरंडेल दिले. धक्का गेला. उतारावर गाडी सुटते. बस्स, एवढंच. मालक म्हणाले की बड्या लोकांची पानपानभर प्रशस्तिपत्रं येतात, पण चालवणारा माणूस इतकं नेमकं लिहीत नाही. तोंड खाली करून उभी केलेली गाडी सांभाळत सोडणं किती अवघड असतं, आणि तिथूनही आमची गाडी अलगद सुटते. ते वाक्य प्रदर्शनातल्या पत्रकावर मोठ्या अक्षरात छापायचं ठरलं आहे. कारखान्यातर्फे आभाराचं पत्रही तुमच्या कारभाऱ्यांकडे गेलं. सभा संपल्यावर प्रमुखांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काचेच्या खोलीकडे बघून हसले. मी त्या हसण्याचे शंभर अर्थ लावले.

गुडघ्याची काळजी नको. पुढचं हँडल मारून इंजिन सुरू करताना ते उलटं फिरून लागतं. आमच्याकडे रोज कोणी ना कोणी कण्हत असतो. भाऊजी गप्प आहेत ते नव्या यंत्राच्या दडपणामुळे. घाट बघून ये आणि कसा वाटला ते सविस्तर लिही.

उभयतांचा हात डोक्यावर आहे म्हणून इथवर आलो, तो तसाच असू द्यावा.

तुझा
खिळ्या

१२ एप्रिल

चि. खिळ्या,

आशीर्वाद आहेत, पण आज ते मागाहून घे.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. आधी हसले. कित्येक दिवसांनी हसले म्हणून मीही हसले. मग चेहरा असा झाला की मी कागद खाली ठेवला. ह्यांनी मला जे सांगितलं ते आता नीट वाच, आणि डोळे उघडे ठेवून वाच. सुटते म्हणजे निघते असं नव्हे रे शहाण्या. सुटते म्हणजे सुटते! उतारावर गाडी तिसऱ्या गिअरमधून आपोआप सुटते. दांडा खटकन मागे येतो, इंजिन मोकळं बोंबलत राहतं, आणि एवढं मोठं धूड नुसत्या ब्रेकवर खाली धावतं. परत गिअर घालायला जावं तर दात नुसते करकरतात, बसत नाहीत. ब्रेकमधून धूर निघतो. जळका वास तोच. म्हणून हे तो दांडा उजव्या गुडघ्याने दाबून धरतात. तुझं हँडल कुठल्या कुठे राहिलं!

ह्यांनी कारभाऱ्यांना सांगून पाहिलं. कारभाऱ्यांनी खिशातून तुमचं आभाराचं पत्र काढलं आणि विचारलं की तुम्हीच गाडीची तारीफ केलीत, आता तुम्हीच नावं ठेवता, मग खरं कोणतं? शहरात शिकलेला एक तरुण मोटारवाला त्यांनी हेरून ठेवला आहे. ह्यांनी पुन्हा तोंड उघडलं की त्याला बोलावणार. दुसरी कुठलीही गाडी असती तर मी स्वतः बाईसाहेबांपुढे जाऊन उभी राहिले असते. पण ही माझ्या भावाने केली म्हणून महिनाभर मीच नाचते आहे. कोण ऐकणार माझं?

गावचा उतार लहान आहे. घाट लहान नाही. मला एकच सांग, दोष तुझ्या यंत्रात आहे की ह्यांच्या हातात? आणि यंत्रात असेल तर २५ तारखेच्या आत कारखान्याकडून बाईसाहेबांना कळव. ह्यांच्या शब्दाला इथे किंमत राहिली नाही, ती तुम्हीच घालवलीत.

रागाने लिहिलं आहे. माया आहे म्हणूनच राग आहे, एवढं समजून घे.

अक्का

१६ एप्रिल

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच गिअरची पेटी उघडून बसलो. दोष यंत्रात आहे. माझ्या खाचेत आहे. चढावर इंजिन चाकांना ओढतं तोवर दांडा निमूट बसतो. उतारावर चाकं इंजिनाला ढकलू लागली की तो मागे यायला बघतो, आणि त्याला अडवायला माझी उथळ खाच आणि मऊ स्प्रिंग पुरत नाहीत. गाड्या चालवून बघायचं आमचं मैदान सपाट आहे. तिथे हे कधी दिसलंच नाही, आणि उतारावर नेऊन बघावं असं मला सुचलं नाही. भाऊजींचं वाक्य वाचून मला टाळ्या ऐकू आल्या, शब्द ऐकू आला नाही.

पण अक्का, जरा माझीही बाजू बघ. पत्रकं छापून आली. प्रदर्शन २५ लाच उघडतं. आत्ता बोललो तर काचेची खोली गेलीच, कदाचित हे टेबलही जाईल. प्रदर्शन संपलं की मी खोल खाचेचा नवा दांडा करून स्वतः घेऊन येतो आणि बसवतो, कोणाला पत्ता लागणार नाही. तोवर भाऊजींना सांग की घाट सबंध दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. नाहीतर दांडा पट्ट्याने बांधा. तेही नको असेल तर त्या दिवशी ताप आला म्हणून पडून राहा. एवढं थोडं सांभाळून घे. लहानपणापासून घेत आलीस.

मी इथे खोलीत येरझारा घालतो आहे. खालच्या भाडेकरूने छताला काठीने ठोकून निरोप दिला.

रागातली असली तरी तुझी माया मला पुरते, ती काढून घेऊ नकोस.

खिळ्या

१९ एप्रिल

चि. खिळ्या,

दुसऱ्या गिअरमध्ये ह्यांनी तुझ्याआधीच करून पाहिलं. तो तिसऱ्याच्याही आधी सुटतो. पट्टाही बांधून पाहिला. घाटात मध्येच चढ लागतात, तिथे गिअर बदलावा लागतो, आणि एका हातात चाक नि दुसऱ्यात ब्रेक असताना गाठ सोडायला तिसरा हात कुठून आणायचा? आणि ताप येणार नाही. मी तुझं ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा हे उठून बाहेर गेले. परत आल्यावर म्हणाले की मी आजारी पडलो तर तो नवा मोटारवाला गाडी नेईल, त्याला दांड्याचं माहीत नाही, आणि मागे मूल बसलेलं असेल.

म्हणजे हे नेणार. आणि हे नेणार तर मी मागे बसणार. मला भीती वाटते. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही, तुला सांगते आहे.

हो, लहानपणापासून सांभाळून घेत आले. पण तेव्हा फार तर फुलदाणी फुटायची.

यापुढे मी काही मागणार नाही. काय करायचं ते तू ठरव. आशीर्वाद नेहमीचेच.

अक्का

२५ एप्रिल

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

तार मिळाली का? आधी एवढंच कळव. मग पुढचं वाच.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हाच तार करायला हवी होती. रोज तारघरापर्यंत जात होतो आणि परत येत होतो. मनाशी म्हणायचो की आज मालकांशी बोलतो, त्यांच्याच नावाने तार जाऊ दे. ते कधी सुताराशी बोलत असायचे, कधी रंगाऱ्याशी. शेवटी काल गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, प्रदर्शनानंतर. मीच तुला लिहिलेला शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि मला माझीच किळस आली. आज सकाळी तारघर उघडताच गाडी घाटात नेऊ नका अशी माझ्या नावाने तार केली, पण तुम्ही उजाडताच निघणार हे मला माहीत होतं. घरी तार पोचेपर्यंत तुम्ही कुठवर गेला असाल त्याचाच हिशेब दिवसभर मांडतो आहे, आणि तो कसाही मांडला तरी जुळत नाही.

तिथून प्रदर्शनात गेलो. निळी गाडी झगमगत उभी होती आणि तिच्या डोक्यावर भाऊजींचं वाक्य टांगलेलं. एक वयस्क गृहस्थ दांडा करंगळीने सरकवून बघत होते. त्यांनी सहज विचारलं की आमचं घर डोंगरावर आहे, ही गाडी चालेल ना. मालक हो म्हणाले. मी नाही म्हणालो. का नाही तेही सांगितलं, सगळ्यांसमोर. मग मालकांनी स्वतःच्या हाताने माझा कोट आणून दिला. ओरडले नाहीत. दारापर्यंत पोचवायला आले.

हे सगळं उशिरा केलं. तू घाटात असताना केलं. मला तुझी एक ओळ पाठव, शिव्यांची असली तरी चालेल. ती येईपर्यंत या खोलीतून हलणार नाही.

मी माया मागायच्या लायकीचा उरलो नाही, तरी मागतो.

तुझा
खिळ्या

२६ एप्रिल

रा. रा. मेहुणे यांस, स. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नका. तुमची अक्का बरी आहे. तिचे दोन्ही तळहात सोलले आहेत आणि त्यावर पट्ट्या आहेत, म्हणून पत्र मी लिहितो. मागच्या वेळी मी थोडक्यात लिहिलं त्याचा घोटाळा झाला. या वेळी सगळं लिहितो.

घाटाच्या तोंडाशी पहिल्याच वळणावर दांडा सुटला. गुडघ्याने आवरला नाही. दोन्ही ब्रेक ओढून गाडी कठड्याला लावली. ब्रेक धुरावले. मी बाईसाहेबांना सांगितलं की सगळ्यांनी उतरावं आणि घाट पायी उतरावा, यापुढे मी माणसं बसवून एक चाक फिरवणार नाही. नोकरी गेली तर गेली असं मनात धरूनच बोललो. बाईसाहेब नातीला घेऊन उतरल्या आणि चालू लागल्या. मागे बैलगाड्यांची रांग अडली होती, रस्ता अरुंद, गाडी वळवायला जागा नाही. ती खालीच न्यायला हवी होती. मी एकटा नेणार होतो.

तुमची अक्का उतरली, आणि फिरून माझ्या उजव्या बाजूला बाहेरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. दांडा त्याच बाजूला असतो. तिने तो दोन्ही हातांनी धरला. मी तिला खाली हो म्हटलं. ती म्हणाली की ब्रेकला एक हात हवा, चाकाला एक हवा, मग ह्याला कोणाचा? मी फार वाद घालू शकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी बदल म्हटलं की ती सोडायची, गिअर बसला की पुन्हा धरायची. सबंध घाट ती बाहेर उभी राहून दांडा पुढे रेटत आली. वळणावर कठडा तिच्या पाठीला घासून जात होता. माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं, रस्त्याकडे होतं. पण ऐकू येत होतं. वरपासून खालपर्यंत ती तुम्हाला नावानिशी शिव्या देत होती. त्यातल्या काही मी पहिल्यांदाच ऐकल्या.

पोचलो तेव्हा बाईसाहेब पाऊलवाटेने आमच्याआधी खाली येऊन थांबल्या होत्या. त्यांनी तिचे हात पाहिले. कारभाऱ्यांना निरोप गेला आहे की गाडी कारखान्याला परत करा आणि घोडे जिथे विकले तिथून परत आणा. घोडे आणायचे म्हणजे मी राहिलो, खोल्याही राहिल्या. तुमची तार बंगल्यावरून काल संध्याकाळी माणसाने इथे आणली. खाली कारखान्याचं नाव नव्हतं, तुमचं होतं. त्यावरून काय ते समजलो. ती तार अक्काने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली आणि मग उशाशी ठेवायला सांगितली. बंगल्यावर आमच्या खोल्यांत राहायला या. जागा लहान आहे, पण होईल.

तिने मला लिहायला सांगितलं आहे की मी रागावलेली नाही. ते खरं नाही. फार रागावली आहे.

आणि एक गोष्ट लिहायची नाही म्हणून बजावलं आहे, ती लिहितो. खाली पोचल्यावर तिची बोटं दांड्यावरून सुटत नव्हती, मी एकेक करून सोडवली. तेव्हा पाणी प्यायच्या आधी तिने मला विचारलं की आता हे सगळ्यांना कळलं तर खिळ्याची नोकरी जाईल का. मी म्हटलं, जाईल. मग ती पायरीवर बसून रडली. घाटात रडली नव्हती.

बहुत काय लिहिणे. लवकर यावे.

तुमचे
भाऊजी